लोकरीची बाही

आर्किटेक्टबाईंनी प्रिंट्स टेबलावर पसरल्या, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर उतरवला आणि विचारलं, "हे फोटो संध्याकाळी काढलेत का?"

"सकाळी," मी म्हणाले. "ऊन चांगलं वर आलं होतं."

"मग खिडक्यांना पडदे होते?"

"नव्हते."

त्यांनी एक प्रिंट उचलून दिव्याखाली धरली. जुन्या ग्रंथालयाचा वाचनहॉल होता तो. उंच छत, छताला काचा, दोन्ही बाजूंना लाकडी जिने आणि पुस्तकं काढून नेल्यामुळे बोडकी झालेली कपाटं. निदान असायला हवं होतं हे सगळं. प्रिंटमध्ये होता तो नुसता काळोख, आणि वरच्या अंगाला चार पांढुरके चौकोन. जिने कुठे आहेत ते मला माहीत होतं म्हणून मला दिसत होते.

"तुमच्या वडिलांचं काम असं कधी आलं नाही," बाई म्हणाल्या. त्या टोचून बोलणाऱ्यातल्या नाहीत. त्यांना खरंच कोडं पडलं होतं.

"वडील वारले," मी म्हणाले.

"ते माहीत आहे हो मला. मी आले होते तेव्हा."

मला आठवलं नाही. त्या दिवसांत कोण आलं, कोण गेलं, कुणी माझा हात हातात घेतला, काही म्हणजे काही आठवत नाही. एवढंच आठवतं की आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "रड गं बाई, रडून घे, मोकळी हो," आणि मी तिला विचारलं होतं की चहात साखर किती घालू. आत्या अजून ते सगळ्यांना सांगत फिरते. फिरू दे. मला काही वाटतच नव्हतं, त्याला मी काय करणार? दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतो आणि मग गाल आपला की शेजाऱ्याचा ते कळत नाही, तसं माझं सगळ्या अंगाचं झालं होतं. ते उतरलंच नव्हतं अजून.

बाईंच्या ऑफिसचं काम असं, की एखादी जुनी इमारत पाडायची किंवा बदलायची असली की आधी तिचे मोठ्या फिल्मवर फोटो काढून ठेवायचे. फिल्मवरच, कारण कॉम्प्युटरातले फोटो आणखी काही वर्षांनी कुणाला उघडता येतील याचा त्यांना भरवसा नाही. हे काम कायम बाबांकडे असायचं. बाबांचा स्टुडिओ म्हणजे खाली दुकान, दुकानामागे डार्करूम आणि वर आमच्या तीन खोल्या. पासपोर्टचे फोटो आता लोक घरच्या भिंतीसमोर उभे राहून फोनवर काढतात आणि लग्नाचे फोटो काढायला पोरं ड्रोन घेऊन जातात. त्यामुळे दुकान उभं होतं ते बाईंच्या कामावर. ग्रंथालयाचं काम बाबांनी घेतलं आणि करायच्या आधी ते गेले. मी कॉलेज सुटल्यापासून त्यांच्या हाताखाली होते, म्हणून मी केलं. आणि ही अशी माती खाल्ली. बाबा गेल्यापासून सकाळी बाहेर जाऊन केलेलं एकही फिल्मचं काम धड आलं नव्हतं. हे सगळ्यात वाईट, एवढंच.

"सोमवारी छताच्या काचा उतरवायला घेणार आहेत," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी सकाळी मी तुम्हाला हॉल रिकामा करून देते. त्यानंतर हॉलच नसेल. जमेल?"

"जमेल."

"नाही जमलं तर पुढची कामं मला दुसरीकडे द्यावी लागतील. वाईट वाटून घेऊ नका."

"नाही घेणार," मी म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

संध्याकाळी धाकट्याला फोन करून सगळं सांगितलं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. तो दुसऱ्या शहरात सातव्या मजल्यावर राहतो आणि तिथून आमच्या घराच्या बाबतीत उंटावरून शेळ्या हाकतो.

"ताई, एक सांगू का? रागावू नकोस."

"नाही रागावत."

"शुक्रवारी झालं तर झालं. नाही झालं तर दुकान बंद कर. तू आणि आई दोघी इकडे या. आईला वेगळी खोली आहे, लिफ्ट आहे, खाली बाग आहे. तुला इथे कॅटलॉगचे फोटो काढायची नोकरी कधीही मिळेल. मिक्सर, पंखे, असलं काहीतरी."

"बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. शुक्रवारी नाही जमलं तर बंद करू."

 भांडायची सगळी तयारी करूनच त्याने हा विषय काढला असणार. एरवी मी नाकावर माशी बसू देत नाही, आणि दुकानाबद्दल कुणी ब्र काढला तर नाहीच नाही. "ताई, तू बरी आहेस ना?" त्याने विचारलं. मी म्हटलं, बरी आहे.

आई ओट्याशी उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "सातवा मजला?"

"लिफ्ट आहे म्हणतो."

"ते झालं गं. पण सकाळी उठून मी तिथे करू काय?"

हा प्रश्न कळायला आमच्या घरची सकाळ माहीत हवी. बाबांचा एक प्रकाश मोजायचा मीटर होता, त्यांच्या लग्नाच्या आधीपासूनचा, तळहातात मावेल एवढा. वर पांढरी गोल टोपी, टोपीखाली पारदर्शक खिडकी, खिडकीच्या आत आकडे आणि केसाएवढी बारीक सुई. बॅटरी नाही, काही नाही. टोपीवर प्रकाश पडला की त्याच्याच जोरावर सुई हलते. ज्याचा फोटो काढायचा त्याच्यापाशी मीटर धरायचा, सुई कुठे थांबते ते बघायचं आणि त्यावरून कॅमेऱ्याचं शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते ठरवायचं. सुईने आहे त्याहून जास्त प्रकाश सांगितला तर शटर लवकर मिटतं आणि फोटो काळा येतो.

तो मीटर रोज सकाळी पुसायचं काम आईचं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासूनचं. कुणी तिला सांगितलं नव्हतं. बाबांचा एक लोकरी स्वेटर कोपरांना फाटला, तेव्हा तो टाकून न देता तिने त्याची बाही कापून ठेवली, खास मीटरसाठी. चहाची भांडी आवरली की ती खिडकीपाशी खुर्ची ओढायची, मीटर मांडीवर घ्यायची आणि त्या बाहीने घासघासून लख्ख करायची. मग बाबांच्या हातात द्यायची. बाबा म्हणायचे, "तुझा हात लागल्याशिवाय याची सुई हलत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते सुरू झालं की मी उठून खाली दुकान उघडायला जायचे.

बाबा गेले, जमलेली माणसं पांगली, आणि एका सकाळी आईने खिडकीपाशी खुर्ची ओढली. मीटर पुसला आणि माझ्या हातात दिला. मी घेतला. यावर आमच्यात एक शब्द बोलणं झालं नाही. तेव्हापासून रोज ती पुसते आणि मी घेते.

काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा बाबांचा नियम. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते जन्मात कळत नाही, असं ते म्हणायचे. तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि एकेक गोष्ट तपासायला घेतली. मीटरवरच्या तबकडीवर फिल्मचा वेग लावावा लागतो. तो बरोबर होता. पांढरी टोपी घट्ट बसलेली, कुठे भेग नाही, पिवळी पडलेली नाही. टोपी तळव्याने झाकली की सुई मुकाट शून्यावर येत होती, तळवा काढला की वर जात होती. फोनमध्ये प्रकाश मोजायचं ॲप असतं, ते लावून मी खिडकीत, जिन्यात आणि टेबलाखाली मोजून पाहिलं. फोन आणि मीटर दोघं तेच बोलले. मग कॅमेऱ्याचं शटर. मग डार्करूममधल्या रसायनांचं तापमान. कुठेही काही वाकडं सापडेना. शेवटी त्याच दुपारी मागच्या गल्लीत जाऊन एक फिल्म काढली आणि धुतली. उत्तम आली. गल्लीतला कचऱ्याचा डबासुद्धा देखणा दिसत होता.

तरीही मी मीटर घेऊन घड्याळवाल्याकडे गेले. आमच्या भागात इतक्या बारीक सुईला हात लावायची हिंमत त्याच्याकडेच आहे. त्याने डोळ्यात भिंग बसवून मीटर उघडला, आत बराच वेळ पाहिलं आणि बंद केला.

"सुई मोकळी आहे. स्प्रिंग ठणठणीत. आतला उजेड टिपणारा सेल म्हातारा झालाय, पण शुद्धीवर आहे." डोळ्यातलं भिंग काढून त्याने माझ्याकडे पाहिलं. "मीटरला काही झालेलं नाही. तुम्हाला काय झालंय?"

"मला कुठे काय?"

"जेवता का वेळेवर?"

"मी मीटर दाखवायला आणलाय," मी म्हणाले.

"मग मीटर ठीक आहे," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

परत येताना मी विचार केला. सगळं ठीक आहे आणि फोटो काळे आहेत. बाबा असताना असं होत नव्हतं, आता होतंय. मीटर तोच, कॅमेरा तोच, फिल्म तीच. बदललेली गोष्ट एकच. म्हणजे बिघाड माझ्यातच होता. खरं तर त्या सकाळी हॉलमध्ये माझा डोळा मला सांगत होता की इथे उजेड कमी आहे, शटर जरा जास्त वेळ उघडं ठेव. सुई म्हणत होती भरपूर आहे. मी सुईचं ऐकलं. ज्या बाईला बाप गेल्याचं कळत नाही तिला उजेड काय कळणार, असं काहीसं मनात होतं. घरी पोचेपर्यंत माझं नक्की झालं की दुकान बंद करावं लागणार. त्याचंही काही वाटलं नाही.

शुक्रवारची सकाळ कोरडी होती, ओठ फुटतील अशी. आईने त्या दिवशी मीटर नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसला. आज काय आहे ते तिला माहीत होतं. करपलेलं पातेलं घासावं तशी ती जोर लावून घासत होती.

"आई, पुरे. भोक पडेल त्याला."

"पडू दे. आज त्याच्यावर काही राहायला नको," ती म्हणाली, आणि आणखी थोडं घासून मग मला दिला.

हॉलमध्ये आर्किटेक्टबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसल्या होत्या. मी ट्रायपॉड लावला, कॅमेरा चढवला आणि हॉलच्या मधोमध जाऊन मीटर धरला. सुई टुणकन वर गेली. मी छताकडे पाहिलं, जिन्यांकडे पाहिलं. डोळा म्हणाला, छे, एवढा नाही.

तळव्याने टोपी झाकली. सुई थोडी खाली आली आणि मधेच थांबली. मी वाट पाहिली. नखाने टकटक केलं. ती थरथरली आणि तिथेच राहिली. घरी दुपारी इमानाने शून्यावर येणारी सुई इथे अंधारातसुद्धा उजेड सांगत होती.

"सुरू करायचं का?" बाईंनी विचारलं.

"एक मिनिट."

फोन माझ्या खिशात होता. आजचं काम त्यातल्या ॲपवर निभावलं असतं. पण मला राग आला होता. केसाएवढी सुई मला इतके दिवस बनवत होती आणि मी मान डोलवत होते. कितीतरी दिवसांत मला पहिल्यांदा काहीतरी वाटत होतं, म्हणून मी तो राग जाऊ दिला नाही.

एका वेळी एकच गोष्ट. बदललाय तो माणूस, तर माणूस पूर्वीसारखा करून बघू. बाबा डावा पाय पुढे ठेवून उभे राहायचे. मी ठेवला. सुई ढिम्म. ते कोपर बरगडीला टेकवायचे. टेकवलं. ढिम्म. ते खाकरायचे. मी खाकरले, बाईंनी कपातून वर पाहिलं, सुईने नाही. मग राहिलं ते एकच, ज्यावरून मी त्यांना आयुष्यभर छळलं होतं. प्रत्येक वेळी मोजायच्या आधी ते पाठ फिरवायचे, मीटर तोंडाशी न्यायचे आणि चष्म्यावर करतात तसं त्याच्यावर "हाः" करायचे. पुसायचे मात्र नाहीत. वाफ आपोआप उडेपर्यंत तसेच उभे राहायचे. "बाबा, तो चष्मा नाहीये," मी म्हणायचे. "असू दे," ते म्हणायचे. मला त्याची किळस यायची. मीटर माझ्याकडे आल्यावर त्यांची ती एक सवय मी ठरवून सोडून दिली होती.

मी टोपी झाकलेलीच ठेवली, बाईंकडे पाठ केली आणि हाः केलं.

खिडकीवर वाफ धरली. कडांकडून ती विरत गेली आणि आतली सुई, कुणीतरी हात धरून ठेवलेला आणि आता सोडला तशी, सरळ शून्यावर जाऊन पडली. मी तळवा काढला. सुई वर आली आणि माझा डोळा म्हणत होता बरोबर तिथे थांबली.

मला आनंद झाला असं लिहायला हवं. तसं झालं नाही. पायाखालची फरशी बुटांतून गार लागतेय एवढं मात्र कळलं. मग मी कामाला लागले. प्रत्येक फोटोआधी पाठ फिरवायची, हाः करायचं, वाफ उडू द्यायची, मोजायचं.

"तुमचे वडीलही असंच करायचे," सामान आवरताना बाई म्हणाल्या. "मला बिचाऱ्यांना धाप लागते असं वाटायचं."

परतीच्या वाटेवर मला शाळेतला कंगवा आठवला. कोरड्या केसांवर कंगवा घासायचा आणि कागदाच्या कपट्यांवर धरायचा, कपटे उडून चिकटतात. मीटरच्या खिडकीला आम्ही काच म्हणतो खरं, पण ती असते प्लास्टिकची. कोरड्या हवेत लोकरीने घासघासून पुसली की तिच्यात तशीच वीज भरते, आणि आतली बिचारी हलकी सुई तिच्याकडे ओढली जाऊन वरच लटकून राहते. तोंडाची दमट वाफ लागली की वीज उतरते. नाही लागली तरी दुपारपर्यंत आपली आपण उतरते. म्हणून दुपारी मीटर शहाणा आणि सकाळी वेडा. घड्याळवाल्याकडे तर मी दुपार उलटल्यावरच गेले होते.

मग आणखी एक आठवलं. शाळेत असताना मी एकदा कॅमेऱ्याची खिडकी स्वेटरला पुसली, तेव्हा बाबा माझ्यावर केवढे खेकसले होते. कोरड्या कापडाने काच घासायची नाही, कितीदा सांगायचं! हे त्यांनी मला सांगितलं होतं, धाकट्याला सांगितलं होतं, दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं होतं. ओरखडे पडतात म्हणून सांगतात असं मी समजत होते. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. फक्त एका माणसाला त्यांनी ते कधी सांगितलं नाही.

डार्करूममध्ये फिल्म धुतल्या आणि उजेडात धरून पाहिल्या. जिने होते, कपाटं होती, छताची एकेक काच मोजता येत होती. बाईंना कळवलं, मग धाकट्याला फोन लावला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे एवढंच होतं?" तो म्हणाला. "मग आईला सांग ना, उद्यापासून पुसू नको म्हणून. विषय संपला."

"हो, सांगते," मी म्हणाले. मला तेव्हा ते खरंच सोपं वाटलं होतं.

वर गेले तेव्हा आई खिडकीपाशी बसली होती. त्या खिडकीतून खालचा रस्ता पार औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत दिसतो. मीटर मी तिच्यापुढे ठेवला.

"कसं झालं गं?"

"छान झालं. दुकान बंद करायची गरज नाही आता."

"बघ," ती म्हणाली. "आज नीट पुसला होता मी."

"आई, त्या पुसण्याचंच मला तुला—"

"थांब, आधी माझं ऐक. तुला एक गंमत सांगते, कुणाला सांगितली नाहीये." तिने बाहीची घडी मोडून पुन्हा घातली. "तुझे बाबा होते ना, ते मी पुसलेला मीटर घेऊन जायचे, आणि खाली फाटकाशी जाऊन, पाठ फिरवून, त्याच्यावर हाः करायचे. त्यांना वाटायचं मला दिसत नाही. इथून सगळं दिसतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला इतकं वाईट वाटलं. नवीन नवीन होते मी. म्हटलं, कुठेतरी डाग राहिला असणार, आणि मला बोलायचं नाही म्हणून गपचूप साफ करतायत. मग दुसऱ्या दिवशी मी आणखी जोरात घासला. तरी आपलं हाः. मग आणखी जोरात. इतकी वर्षं झाली, एकदा म्हणून माझं पुसणं त्यांना पसंत पडलं नाही. तोंडाने कौतुक, आणि खाली गेले की हाः."

"तू विचारलं नाहीस कधी?"

"काय विचारायचं? ते मला दुखवायचं नाही म्हणून लपवत होते. मी कशाला उघडं पाडू त्यांना?" ती हसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू नाही करत. बाबा गेल्यापासून रोज बघते मी खिडकीतून. तू सरळ निघून जातेस. म्हटलं, चला, निदान आता तरी मला जमलं."

मला हसू आलं. आईने जोरात घासायचं म्हणून बाबांनी वाफ सोडायची, आणि बाबा वाफ सोडतात म्हणून आईने आणखी जोरात घासायचं. दोघांनी एकमेकांना सांभाळण्यात त्या मीटरचा नुसता जीव घेतला होता. हे आता घरात फक्त मला माहीत होतं, आणि ज्यांना सांगून पोट धरून हसावं ते बाबा नव्हते. मला त्यांची आठवण आली. तशी ती रोजच येत होती, पण एखाद्या माहितीसारखी. ही पोटात आली. मी उठून नळ सोडला आणि तोंड धूत राहिले. आत्याला हवं होतं ते सगळं त्या मोरीत वाहून गेलं.

"काय गं? काय झालं?" आई खुर्चीतून उठली.

"काही नाही. डार्करूममधलं काहीतरी डोळ्यात गेलं."

"चोळू नकोस. पाणी मार भरपूर." ती टॉवेल घेऊन माझ्यामागे उभी राहिली. "आणि मघाशी काय सांगत होतीस पुसण्याचं?"

मी टॉवेलमध्ये तोंड खुपसलं. "काही नाही. बाही विरत आलीये, असं म्हणत होते."

"हात्तिच्या, दुसरी आहे की. तेव्हाच दोन्ही कापून ठेवल्यात मी."

संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. सांगितलंस का आईला, म्हणाला. नाही सांगितलं, मी म्हणाले.

"अगं ताई, मग परत बिघडेल ना तो मीटर!"

"रोज बिघडणार. मी बघते काय करायचं ते."

"पण का? साधं एक वाक्य सांगायचंय."

"तू तुझा सातवा मजला सांभाळ," मी खेकसले. "इथलं आम्ही बघू."

 "बरी झालीस वाटतं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

सोमवारी बाईंनी नवीन काम सांगितलं. एक जुनी पिठाची गिरणी होती, तिचा फक्त दर्शनी भाग. आईने नवी बाही काढली. ती जुनीपेक्षा दाट होती आणि मीटरवर फिरताना बारीक तडतड करत होती. खुर्चीत बसून, ओठ मिटून, आईने तो अगदी मनासारखा होईपर्यंत घासला आणि माझ्या हातात दिला.

"बघ बरं. चालतोय ना?"

खिडकीच्या आत सुई पार वरच्या टोकाला चिकटली होती.

"तुझा हात लागलाय," मी म्हणाले. "चालेल नाही तर काय."

मी खाली उतरले. फाटकाशी थांबले नाही. मागे वळून पाहिलं तर आई खिडकीत उभी होती, मी हात केला आणि सरळ चालत राहिले. औषधांच्या दुकानाचा कोपरा वळले, आता खिडकी दिसत नाही याची खात्री केली आणि भिंतीकडे तोंड करून मीटरवर हाः केलं.